वाघिणींची रांग थांबते तेव्हा

मराठी वर्तमानपत्रांत मालगाडीला डबे नसतात, वाघिणी असतात. इंग्रजी ‘वॅगन’ मराठी जिभेवर चढली आणि तिची वाघीण झाली. त्यामुळे ‘पाच वाघिणी रुळावरून घसरल्या’ हा मथळा नवख्या वाचकाला क्षणभर जंगलात नेऊन सोडतो. गंमत म्हणजे हा शब्द वाचायला मिळतो तो बहुतेक वेळा अशाच बातमीत. मालगाडी ठरल्या जागी सुखरूप पोहोचली, याची बातमी होत नाही. तिचं इंजिन बंद पडलं, कपलिंग तुटलं, मागे लोकलची रांग लागली, की मगच वाघिणी छापून येतात.

एरवीही त्या धावतच असतात. २०२२-२३ या वर्षात भारतीय रेल्वेनं १५० कोटी टनांहून जास्त माल वाहिला आणि त्यातला जवळपास निम्मा कोळसा होता. तरीही मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास भरतो. इंजिनात दम नसतो असं नाही. मेल-एक्स्प्रेस आणि लोकल पुढे काढायच्या म्हणून मालगाडीला पुन्हा पुन्हा बाजूच्या लूप लाइनवर घेऊन उभं करतात. बघणाऱ्याच्या दृष्टीनं ही सोयच आहे. कल्याण ते कसारा या साधारण ६७ किलोमीटरच्या पट्ट्यात लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या वर्षानुवर्षं एकाच दुहेरी मार्गावरून धावत आल्या आहेत. तिथल्या एखाद्या छोट्या स्थानकाच्या पादचारी पुलावर उभं राहिलं, की लूपमध्ये थांबलेली मालगाडी वरून, निवांतपणे, वाघीण न् वाघीण न्याहाळता येते.

वाघिणींच्या अंगावर त्यांची ओळख लिहिलेली असते. उंच कठड्यांची उघडी ‘बॉक्सएन’ कोळसा आणि खनिजं वाहते. बंद ‘बीसीएन’मध्ये धान्य, खत, सिमेंट असतं. ‘बीटीपीएन’ ही पेट्रोल-डिझेलची टाकी. ‘बॉबआरएन’च्या पोटाला दारं असतात, औष्णिक वीजकेंद्रात ती खालून उघडली की कोळसा आपोआप रिता होतो. कंटेनरसाठी बुटकी, सपाट ‘बीएलसी’. यातल्या सुरुवातीच्या ‘बी’चा अर्थ बोगी, तर बॉक्सएन, बीसीएनसारख्या नावांतल्या शेवटच्या ‘एन’चा अर्थ हवेचा ब्रेक. प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांकही असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे. मग चार आकडे त्या वाघिणीचे स्वतःचे आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. म्हणजे हळू जाणाऱ्या गाडीतल्या एकेका वाघिणीचं वय पुलावरच्या माणसालाही सांगता येतं.

आता वजनाचा हिशेब. बॉक्सएन जोडासकट पावणेअकरा मीटरच्या आत बसते. अशा ५८ वाघिणी आणि मागे गार्डची ब्रेक व्हॅन मिळून गाडी सव्वासहाशे मीटरच्या पुढे जाते. मूळ आराखड्याप्रमाणे भरलेली बॉक्सएन ८१ टनांच्या आसपास, म्हणजे सगळी गाडी सुमारे ४,७०० टन. पुढे जास्त भार भरायची परवानगी मिळाल्यावर हा आकडा आणखी वाढला. १५ ऑगस्ट २०२२ रोजी तर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेनं छत्तीसगडमध्ये कोरबा ते राजनांदगाव अशी ‘सुपर वासुकी’ चालवली होती. २९५ वाघिणी, सहा इंजिनं, लांबी साडेतीन किलोमीटर.

एवढं ओझं हलतं कसं, हे बघण्याआधी ऐकायला मिळतं. सिग्नल मिळाला, इंजिनानं भोंगा दिला, तरी अख्खी गाडी एकदम हलत नाही. आधी पहिली वाघीण हलते, मग दुसरी, मग तिसरी. ‘खडाड् खड् खड्’ असा आवाज इंजिनापासून निघतो आणि पळत पळत शेवटच्या ब्रेक व्हॅनपर्यंत जातो. दोन वाघिणींच्या जोडात थोडी ढील असते आणि जोडामागच्या धक्काशोषकातही थोडी दबण्या-ताणण्याची जागा असते. सगळ्या गाडीतली ही ढील एकत्र केली तर काही मीटर भरते. तिच्यामुळे इंजिनाला एकाच क्षणी सगळं ओझं उचलावं लागत नाही. पण हीच ढील बेतानं सांभाळली नाही, तर उपकाराची फेड अपकारानं करते. पुढचा भाग चढावर ताणलेला, मागचा अजून उतारावरून रेटणारा, आणि मधेच ब्रेक किंवा जोर कमी-जास्त झाला, तर हिसका गाडीभर फिरतो आणि सगळ्यात कमजोर जोडावर जाऊन बसतो.

मग पुलावरच्या माणसाला काय दिसतं? पुढचा सिग्नल हिरवाच आहे. गाडीनं वेग घेतला आहे. मधेच एक कडाका होतो आणि लगेच ‘फस्स्’ असा, थांबतच नाही असा हवेचा आवाज. इंजिन थोडं पुढे जाऊन थांबतं. मागचा भागही थांबतो. मधे मात्र रिकामे रूळ दिसतात. गाडीचे दोन तुकडे झालेले असतात. रेल्वेच्या भाषेत ‘ट्रेन पार्टिंग’.

या दृश्यात नवलाची गोष्ट गाडी तुटली ही नाही. तुटलेले दोन्ही तुकडे कोणी न थांबवता आपापले थांबले, ही आहे. यामागे दीडशे वर्षांपूर्वीचा एक उलटा हिशेब आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये हवेच्या दाबाचा ब्रेक आणला, तेव्हा त्याची रीत सरळ होती: इंजिनातून नळीत हवा सोडायची, त्या दाबानं ब्रेक लागायचे. पण नळी फुटली तर ब्रेकही गेले. तीनेक वर्षांत त्यानं ती रीतच उलटी केली. गाडीभर गेलेल्या नळीत हवेचा दाब कायम ठेवायचा. दाब आहे तोवर ब्रेक मोकळे, दाब पडला की ब्रेक लागणार. त्यासाठीची हवा प्रत्येक वाघिणीच्या पोटाखालच्या टाकीत आधीच साठवलेली. आजच्या भारतीय मालगाडीत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो असतो. जोड तुटला की दोन वाघिणींमधला होज पाइप सुटतो, नळीतली हवा बाहेर पडते आणि दोन्ही तुकड्यांमधले ब्रेक स्वतःहून चाकांना धरतात. पुलावर ऐकू येणारा ‘फस्स्’ तो हाच. इंजिनात त्याच क्षणी दाबाचा काटा खाली येतो आणि लोको पायलटला मागे वळून न पाहताही काहीतरी सुटल्याचं कळतं. भारतात पूर्वी मालगाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. तिथे हवेच्या दाबाऐवजी पोकळी होती, पण तत्त्व तेच: नळी फुटली की गाडी उभी.

तुटतं ते नेमकं काय? बहुतेक वेळा ‘नकल’, म्हणजे जोडाचं वळलेलं बोट. दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवावीत, तसा हा जोड असतो. तो घडवणारा अमेरिकेतला एलाय जॅनी. त्याचं पेटंट १८७३ चं. त्याआधी तिकडे कडी आणि खिळ्याचा जोड होता. तो घालायला माणसाला दोन डब्यांच्या मधे उभं राहावं लागे, आणि कित्येक रेल्वे कामगारांची बोटं, हात, जीव त्यात गेले. १८९३ मध्ये अमेरिकेनं कायदा करून आपोआप बसणारे जोड सक्तीचे केले. भारतात मालगाड्यांना बराच काळ हुक, फिरकी आणि दोन बाजूंना गोल बफर अशी जुनी विलायती रचना होती. पुढे अवजड गाड्यांसाठी मधला एकच दणकट जोड आला. त्यातली नकल मुद्दामच अशी असते, की अति ताण आला तर आधी ती तुटावी आणि वाघिणीचा सांगाडा वाचावा. नकल बदलता येते. अर्थात त्या लोखंडी गोळ्याशी खडीवर, पावसात, रात्री झटापट करणाऱ्याला ही सोय फारशी जाणवत नसणार.

हा ताण किती असतो, हे समजायला कसाऱ्याच्या पुढचा थळ घाट बरा. हा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. बोरघाटाचा त्याआधी, १८६३ मध्ये. दोन्हीकडे चढण ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. साडेचार हजार टनांची गाडी इथे चढवायची म्हटली, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी झगडायला १२० टनांहून जास्त ओढ लागते. डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या ताकदवान विद्युत इंजिनाची जास्तीत जास्त ओढ साधारण ५० टनांच्या घरातली. म्हणजे तीन इंजिनं हवीत. ती तिन्ही पुढे लावली तर सगळा ताण पहिल्या जोडावर येईल आणि बहुधा तोच पहिला तुटेल. म्हणून घाटात गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर ढकलतात आणि जोडांवरचा ताण वाटला जातो. चढणीवर कपलिंग तुटलंच, तरी मागचा भाग उताराला लागण्याआधी त्याच्या पाठीला इंजिन असतं.

याच घाटांसाठी १९२८ पासून जी विद्युत इंजिनं आली, त्यांना रेल्वेची माणसं ‘खेकडा’ म्हणत. लांबोडकं अंग, दोन टोकांना दोन सोंडा आणि चाकांच्या बाजूनं हलणारे जोडदांडे. त्यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं एक इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

कपलिंग तुटणं हा नाट्यमय प्रकार. बाकीचे बिघाड शांतपणे येतात आणि तेच जास्त घातक. एखाद्या वाघिणीचा ब्रेक सुटतच नाही आणि चाक ब्रेक घासत फिरत राहतं. लांबूनच जळका वास येतो, धूर दिसतो. ब्रेकनं चाक पुरतं धरलंच, तर ते रुळावरून घसटत जातं आणि एका जागी चपटं होतं. मग गाडी जाताना ‘ठक ठक ठक’ असा नेमक्या अंतरानं ठोका ऐकू येतो. वेग वाढला की ठोकाही जलद होतो. मालगाडीच्या चाकाला असा चपटेपणा ६० मिलिमीटरपर्यंतच चालतो, कारण प्रत्येक ठोका हा रुळावर घातलेला घण असतो. बेअरिंग तापलं की त्याला ‘हॉट अ‍ॅक्सल’ म्हणतात. वेळीच लक्षात आलं नाही तर आस तुटून गाडी घसरू शकते.

हे लक्षात यावं म्हणून रेल्वेनं एक साधी पण फार जुनी पद्धत जपली आहे: गाडी बघणं. स्थानकावरून न थांबता जाणाऱ्या गाडीसमोर हिरवा झेंडा धरून उभा असलेला पॉइंट्समन प्रवाशांना शोभेपुरता वाटतो. खरं तर तो गाडीची एक बाजू तपासत असतो. कुठे धूर, ठिणगी, लोंबणारा दांडा, सरकलेला माल दिसतो का? फाटकावरच्या गेटमनचंही तेच काम. मोठ्या यार्डात गाडी शिरताना दोन्ही बाजूंना तपासनीस बसतात आणि चाकांच्या उंचीवरून प्रत्येक वाघीण डोळ्यांखालून घालतात, कानानं चपटं चाक पकडतात, गाडी थांबल्यावर बेअरिंगचं तापमान मोजतात. हल्ली चाकांचा आघात आणि बेअरिंगची उष्णता मोजणारी यंत्रंही रुळांशेजारी बसवली जातात. पुलावर उभा राहणारा छांदिष्ट जे हौसेनं करतो, त्याचाच इथे पगार मिळतो.

विजेच्या इंजिनाची एक खास फजितीही आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते, पण शेजारशेजारची उपकेंद्रं वेगवेगळ्या फेजवर चालतात. म्हणून दोन्हींच्या सीमेवर तारेचा एक निर्जीव तुकडा ठेवतात. या ‘न्यूट्रल सेक्शन’मधून इंजिनाला वीज बंद करून, घेतलेल्या वेगावर निसटून जायचं असतं. नेमकी तिथेच गाडी थांबली, तर इंजिन धडधाकट असूनही लाचार. दुसऱ्या इंजिनानं येऊन रेटल्याशिवाय सुटका नाही.

गाडी मधेच थांबली की खरी धावपळ माणसांची. लोको पायलट आधी इंजिनाचा लुकलुकणारा फ्लॅशर दिवा लावतो. मागे एखादी वाघीण घसरून शेजारच्या मार्गावर आडवी आली असेल, तर समोरून येणाऱ्या गाडीला सावध करायला हवं. मालगाडी डाऊन मार्गावर बंद पडली तरी अपची लोकलही थोडा वेळ का थांबते, या प्रवाशांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सहायक लोको पायलट गाडीच्या कडेनं पायी निघतो. सव्वासहाशे मीटर खडीवरून, प्रत्येक जोड आणि पाइप बघत. शेवटच्या ब्रेक व्हॅनमधला गार्ड, ज्याचं पद जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झालं आहे, मागच्या बाजूचं रक्षण करतो. जुन्या नियमाप्रमाणे तो ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन डिटोनेटर रुळावर बसवतो. मागून येणाऱ्या इंजिनाच्या चाकाखाली हे फटाके वाजले, की त्या चालकाला वेगळं सांगावं लागत नाही.

मदतीचं इंजिन मागवताना एक नियम वरवर विचित्र वाटतो. एकदा मदत मागितली, की बिघाड आपोआप दुरुस्त झाला तरी गाडी जागची हलवायची नाही; मदत येईपर्यंत किंवा लेखी परवानगी मिळेपर्यंत तिथेच थांबायचं. कारण मदतीचं इंजिन त्याच मार्गावर, गाडी अमुक जागी उभी आहे हे धरून येत असतं. जी जागा सांगितली, तिथेच गाडी सापडली पाहिजे.

आणि थांबलेली गाडी खरंच थांबून राहील, याचीही खात्री करावी लागते. वेस्टिंगहाउसच्या हिशेबाची ही दुसरी बाजू. वाघिणीचा ब्रेक साठवलेल्या हवेवर लागतो आणि ही हवा हळूहळू गळते. म्हणून हातानं फिरवायचे ब्रेक आवळणं आणि चाकांखाली लाकडी पाचरी ठोकणं हा नियम. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतल्या कठुआ स्थानकात उभी असलेली खडीची मालगाडी इंजिनात कोणी नसताना उतारावर चालू लागली आणि ७० किलोमीटरहून जास्त अंतर धावत पंजाबात गेली. रुळावर अडथळे टाकून ती ऊँची बस्सी स्थानकाजवळ थांबवली गेली. जीवितहानी झाली नाही.

कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाचं नशीब एवढं बरं नव्हतं. ५ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी जवळच्या नांत गावापाशी उतारावर उभी करून ठेवली होती. तिच्या इंजिनाला आग लागली. अग्निशमन दलानं ती विझवली आणि रीतीप्रमाणे इंजिन बंद केलं. त्याबरोबर हवेचा पंपही थांबला. हवा गळत गेली, मोजकेच आवळलेले हातब्रेक पुरे पडले नाहीत, आणि मध्यरात्रीनंतर गाडी सुमारे ११ किलोमीटर उतरून गावात शिरली. ४७ माणसं गेली. चौकशीत आढळलं, की हातब्रेक फक्त सात आवळलेले होते.

वाघिणी घसरल्याच असतील, तर काम तासांवर जातं. ३० सप्टेंबर २०२३ रोजी पनवेल आणि कळंबोलीच्या दरम्यान मालगाडी घसरली, तेव्हा गणपती आटोपून परतणाऱ्यांचे कोकणच्या गाड्यांत हाल झाले. अशा वेळी अपघात मदत गाडी येते, जॅक लागतात, १४० टनी क्रेन उभी राहते. वाघीण उचलून ठेवली तरी आधी रूळ, स्लीपर, वरची तार तपासायची आणि मगच पहिली गाडी, तीही अगदी सावकाश.

पण साधी नकल तुटली असेल, तर चित्र वेगळं. नवी नकल बसते, किंवा पुढचा तुकडा आधी पुढच्या स्थानकात नेऊन इंजिन मागचा न्यायला परत येतं. होज पाइप जोडले जातात आणि नळीत हवा भरू लागते. पुलावरून आता ब्रेक सुटण्याचे आवाज ऐकू येतात: पुढच्या वाघिणींतून आधी, मागच्यांतून काही मिनिटांनी. ट्रेन मॅनेजर आपल्या ब्रेक व्हॅनमधल्या काट्यावर दाब शेवटपर्यंत पोहोचल्याची खात्री करून हिरवा झेंडा दाखवतो. भोंगा होतो. तो ‘खडाड् खड् खड्’ पुन्हा एकदा पुढून निघून मागे पळतो.

ब्रेक व्हॅन स्थानकातून जाताना पॉइंट्समन मान वळवून तिच्या पाठीवरची ‘एलव्ही’ म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ पाटी पाहतो. ती दिसली म्हणजे गाडी पुरी आली, कुठलाही तुकडा मागे राहिलेला नाही. स्टेशन मास्तर वेळ लिहून घेतो, मागच्या स्थानकाला कळवतो, आणि तिथे अर्धा तास खोळंबलेली लोकल सुटते. काही मिनिटांनी ती पुलाखालून जाते. दारांत लोंबकळणारे लोक घड्याळ बघत असतात. लूपमध्ये आता दुसरी मालगाडी येऊन थांबली आहे, ५८ वाघिणी आणि एक ब्रेक व्हॅन.